-५ चे २५१ होतात तेव्हा: कॅरचं चिन्ह आणि कंपायलरवरचा संशय

लक्षण असं असतं. एका बाइटमध्ये ऋण संख्या आहे. डीबग बिल्डमध्ये (तपासणीसाठी बांधलेल्या प्रोग्राममध्ये) ती -५ दिसते, रिलीज बिल्डमध्ये (वापरासाठी वेगवान करून बांधलेल्यात) तीच २५१ होते. किंवा लॅपटॉपवर -५ आणि बोर्डवर २५१. किंवा आकडे सगळे बरोबर, पण एखादं लूप संपायचं नावच घेत नाही.

दर काही महिन्यांनी कुणीतरी हे घेऊन येतं आणि सोबत ठरलेलं वाक्य असतं, "कंपायलरमध्ये बग आहे." (कंपायलर म्हणजे आपल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम.) मीही ते वाक्य बऱ्याचदा म्हटलंय. खरं एकदाच निघालं. त्या एका वेळेची हकिगत खाली येईलच, पण तिथवर पोचायच्या आधी बाकीचे संशयित तपासून मोकळे करावे लागतात. तो क्रम चुकला की दोन दिवस फुकट जातात आणि शेवटी चूक आपलीच निघते.

एक खुलासा. सी भाषेतल्या ‘कॅर’ या एका बाइटच्या टाइपला आपल्यातले बरेच जण ‘चार’ म्हणतात. इथे आकडे खूप येणार आहेत आणि ‘चार बाइट’ म्हणजे नक्की काय असा गोंधळ नको, म्हणून मी कॅरच लिहितो. कोडच्या ओळीही देवनागरीतच दिल्यात. टाइप करताना त्या नेहमीच्या लिपीत करा.

आधी दोन मिनिटांची चाचणी

सी भाषेत कॅर, साइन्ड कॅर आणि अनसाइन्ड कॅर असे तीन वेगवेगळे टाइप आहेत. दोन नाहीत, तीन. साइन्डमध्ये ऋण किमतीही मावतात (-१२८ ते १२७), अनसाइन्डमध्ये फक्त ० ते २५५. इंट आणि साइन्ड इंट एकच. कॅर आणि साइन्ड कॅर मात्र एक नव्हेत, भले त्यांचं वागणं एखाद्या यंत्रावर तंतोतंत सारखं असो. साधा कॅर कुणासारखा वागणार हे सी भाषेच्या प्रमाणकाने कंपायलरवर सोपवलंय. एक्स८६ वर लिनक्स असो की विंडोज, तो साइन्ड. एआरएमवर लिनक्स असेल तर अनसाइन्ड. पॉवरपीसी आणि रिस्क-व्ही लिनक्सवरही अनसाइन्ड. ॲपलने मात्र आपल्या एआरएम यंत्रांवर तो साइन्डच ठेवला. त्यामुळे ॲपलच्या नव्या लॅपटॉपवर थेट चालवलेला प्रोग्राम एक उत्तर देतो आणि त्याच लॅपटॉपवर लिनक्सच्या कंटेनरमध्ये चालवलेला तोच प्रोग्राम दुसरं. प्रोसेसर एक, टेबल एक, माणूस एक. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कंटेनरलाच शिव्या दिल्या होत्या.

हा फरक लहरीतून आलेला नाही. पीडीपी-११ वर बाइट रजिस्टरमध्ये उचलला की यंत्र आपणहून चिन्ह पसरवायचं (वरचे सगळे बिट चिन्हाच्या बिटासारखे करायचं), म्हणून तिथे कॅर साइन्ड असणं स्वस्त होतं. सुरुवातीच्या एआरएममध्ये याच्या उलट. बाइट उचलून वरचे बिट शून्य करणारी सूचना होती, चिन्ह पसरवून उचलणारी नव्हती. ती आर्किटेक्चरच्या चौथ्या आवृत्तीत आली. तोवर अनसाइन्डची सवय पक्की झाली होती. ज्याला जे फुकट मिळालं ते त्याने घेतलं, आणि निस्तरतोय आपण.

तर चाचणी. कंपायलर जीसीसी किंवा क्लँग असेल तर एकदा ‘एफ-साइन्ड-कॅर’ आणि एकदा ‘एफ-अनसाइन्ड-कॅर’ हा स्विच देऊन तोच प्रोग्राम बांधा. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला अनसाइन्ड हवा असेल तर ‘स्लॅश जे’. स्विच बदलल्यावर लक्षण आलं किंवा गेलं, तर कंपायलरचा विषय तिथेच संपला. तुमच्या कोडमध्ये कुठेतरी साधा कॅर आकडा म्हणून वापरलाय. आता तो शोधायचा.

तो कुठे लपतो

सगळ्यात जुना गुन्हेगार म्हणजे एकेक बाइट वाचून देणारं गेटकॅर. ते फंक्शन इंट परत देतं, कारण त्याला २५६ बाइट आणि वर ‘फाइल संपली’ ही एक खूण (बहुधा -१) असं सगळं सांगायचं असतं. आपण ते उत्तर कॅरमध्ये घेतो. कॅर साइन्ड असेल तर २५५ किमतीचा बाइट -१ होतो आणि फाइल मध्येच संपल्यासारखी वाटते. कॅर अनसाइन्ड असेल तर -१ चे २५५ होतात, फाइल कधीच संपत नाही. एकाच चुकीची दोन उलटी लक्षणं! गेटऑप्टचंही तसंच, कमांड लाइनचे पर्याय वाचणारं लूप एआरएमवर अडकलं की मी आता बाकी काही न बघता व्हेरिएबलचा टाइप बघतो. जीसीसीला ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ दिलं तर ही तुलना नेहमीच खरी ठरेल असा इशारा तो देतो, पण अनसाइन्ड कॅरच्या यंत्रावर बांधत असाल तरच. एक्स८६ वर तो गप्प राहतो, कारण तिथे त्याच्या दृष्टीने तक्रार करण्यासारखं काही नसतं.

ही चूक फक्त नवशिक्यांची असं समजू नका. १९९६ मध्ये बॅश शेलमध्ये (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) हेच सापडलं होतं. २५५ किमतीचा बाइट -१ होऊन ‘आज्ञा संपली’ असा अर्थ निघायचा, म्हणजे एका आज्ञेच्या पोटात दुसरी आज्ञा घुसवता यायची. २००३ मध्ये ईमेल पोचवणाऱ्या सेंडमेलमध्ये याच जातीची चूक निघाली, तिथेही २५५ आणि -१ यांची गल्लत.

दुसरी जागा म्हणजे इझअल्फा, इझस्पेस वगैरे, अक्षराची जात ओळखणारी मंडळी. यांना द्यायची किंमत ० ते २५५ मधली किंवा ‘फाइल संपली’ ही खूण, एवढीच चालते. साइन्ड कॅर थेट दिला आणि तो ऋण निघाला तर पुढे काहीही होऊ शकतं. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीने आपला तक्ता -१२८ पासून ठेवलाय, त्यामुळे लिनक्सवर ही चूक वर्षानुवर्षं झाकून राहते. मायक्रोसॉफ्टच्या डीबग लायब्ररीत मात्र तोच कोड पहिल्याच फटक्यात चौकट दाखवून थांबतो. देवनागरी मजकूर यात हमखास सापडतो. ‘म’ हे अक्षर यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत तीन बाइटचं असतं: २२४, १६४, १७४. साइन्ड कॅरमध्ये तेच -३२, -९२, -८२. आपल्या लिपीतला एकही बाइट १२७ च्या आत बसत नाही, म्हणून आपल्याला हे बग इतरांच्या आधी दिसतात. चाचणीसाठी नमुना मजकूर मराठीत ठेवा, आयती चाळणी मिळते.

हीच किंमत ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरली तर ॲरेच्या मागची मेमरी वाचली जाते. यावर ‘डब्ल्यू-ऑल’मध्येच इशारा आहे, तो बंद करू नका.

तिसरी जागा जास्त चोरटी. चार बाइट जोडून ३२ बिटांचा शब्द करायचा असतो. आधीचा शब्द आठ बिट डावीकडे सरकवायचा आणि नवा बाइट ‘ऑर’ करून बसवायचा. नवा बाइट साइन्ड आणि ऋण असेल तर इंट होताना त्याचे वरचे चोवीस बिट सगळे एक होतात. ‘ऑर’ केल्यावर आधी बसवलेले तीन बाइट पुसले जातात, जागेवर नुसते एक उरतात. क्रिप्ट-ब्लोफिश या पासवर्डचा हॅश (त्यावरून हिशेबाने काढलेला ठसा) करणाऱ्या कोडमध्ये २०११ मध्ये नेमकं हेच सापडलं. पासवर्डमध्ये १२७ च्या वरचा एखादा बाइट असेल तर त्याच्या आधीची काही अक्षरं हिशेबातूनच गळायची. साध्या इंग्रजी अक्षरांच्या पासवर्डवर उत्तर बरोबर यायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दुरुस्तीनंतर जुने बिघडलेले हॅश ओळखता यावेत म्हणून ‘२एक्स’ आणि दुरुस्त हॅशसाठी ‘२वाय’ अशी वेगळी खूण ठेवावी लागली.

एक्स्ट३ फाइलसिस्टीमची कथा याच्या जवळची. फोल्डरमधल्या नावांचा हॅश काढताना साधा कॅर वापरला होता. नावात ॲस्कीबाहेरची (साध्या इंग्रजीपलीकडची) अक्षरं असली की एका प्रकारच्या यंत्रावर एक हॅश, दुसऱ्यावर दुसरा. बिघाड आता डिस्कवर लिहिला गेलेला, म्हणजे नुसता कोड सुधारून भागत नाही. शेवटी डिस्कच्या सुपरब्लॉकमध्येच (फाइलसिस्टीमची स्वतःची माहिती ठेवणाऱ्या भागात) ‘इथले हॅश साइन्ड’ किंवा ‘इथले हॅश अनसाइन्ड’ असा झेंडा ठेवण्याची वेळ आली. लिनक्स कर्नलने तर २०२३ मध्ये ६.२ या आवृत्तीपासून सगळ्याच आर्किटेक्चरवर कॅर अनसाइन्ड करून टाकला. मला तो निर्णय पटतो. पण तो कर्नलला परवडतो, कारण त्यांचा सगळा कोड एकत्र बांधला जातो. तुमच्या प्रकल्पात एखाद्याच फाइलपुरता हा स्विच लावून ‘झालं’ म्हणू नका. हेडरमधली इनलाइन फंक्शनं एका फाइलमध्ये एक आणि दुसरीत दुसरं वागतील, आणि पुढचा बग याहून छळणारा असेल.

स्विच बदलून काहीच फरक पडत नाही तेव्हा

इथून खरी हकिगत. एका शीतगृहाच्या नियंत्रक बोर्डावर काम चाललं होतं. सेन्सर तापमान एका बाइटमध्ये पाठवायचा. ऑफिसात महिनाभर सगळं सुरळीत. प्रत्यक्ष जागेवर बसवल्यावर पारा शून्याखाली गेला आणि पडद्यावर २५१ अंश! ऑफिसात कधी शून्याखाली गेलंच नव्हतं, त्यामुळे दिसायचा प्रश्नच नव्हता.

पहिली चाचणी केली. फरक शून्य. पडणार कसा, कोडमध्ये साधा कॅर कुठे नव्हताच:

अनसाइन्ड कॅर बी = बाइट_घ्या();
साइन्ड कॅर एस = (साइन्ड कॅर) बी;
इंट एन = एस;

तीन ओळी. बी जर २५१ असेल तर एन -५ व्हायला हवा. डीबगमध्ये होत होता. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायला कंपायलर करतो ती काटछाट) दुसऱ्या पातळीवर नेलं की एन २५१. मध्ये एक प्रिंटएफ टाकून एसचा पत्ता छापला की पुन्हा -५. पहारा बसवला की चोर सज्जन.

तरीही लगेच कंपायलरकडे बोट दाखवायचं नाही. आणखी काही दारं बंद करावी लागतात.

पहिलं, प्रमाणक काय म्हणतं? २५१ साइन्ड कॅरमध्ये मावत नाही. न मावणारी किंमत साइन्ड टाइपमध्ये कोंबली तर काय होईल हे सीमध्ये कंपायलरने ठरवायचं असतं, पण ठरवून ते लिहून ठेवायचं असतं. जीसीसीच्या माहितीपुस्तकात लिहिलंय की अशी किंमत २ च्या घाताने गुंडाळली जाते, म्हणजे इथे २५१ मधून २५६ वजा, -५. आमच्या कंपायलरच्या पुस्तिकेतही तेच होतं, शब्द वेगळे. म्हणजे -५ ही आमची अपेक्षा त्यांच्याच कागदावर उभी होती. हा मुद्दा आधी तपासला नसता तर तक्रार एका ओळीत परत आली असती.

दुसरं, आजूबाजूला अनडिफाइन्ड वर्तन, म्हणजे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही असा कोड, आहे का? बोर्डचा कोड वेगळा काढून लॅपटॉपवर अनडिफाइन्ड सॅनिटायझर (चालताना असं वर्तन पकडणारी तपासणी) लावून चालवला. निष्पन्न काही नाही. लक्षात ठेवा, चिन्ह बदलणं हे अनडिफाइन्ड नव्हे, त्यामुळे साधा सॅनिटायझर त्याबद्दल बोलतच नाही. क्लँगमध्ये त्यासाठी ‘इम्प्लिसिट-कन्व्हर्जन’ ही वेगळी तपासणी चालू करावी लागते. जीसीसीच्या लोकांचा आणखी एक जुना आग्रह आहे: बग नोंदवायच्या आधी ‘नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग’ आणि ‘रॅपव्ही’ लावून पाहा, हे स्विच पॉइंटर आणि ओव्हरफ्लोबद्दलची कंपायलरची गृहीतकं बंद करतात. त्याने लक्षण गेलं तर बहुधा दोष तुमचा. आमच्या कंपायलरला हे स्विच नव्हते, पण त्या तीन ओळींत पॉइंटरही नव्हता आणि ओव्हरफ्लोही नव्हता.

तिसरं, फंक्शनच्या सीमा. बाइट_घ्या() दुसऱ्या कंपायलरने बांधलेल्या लायब्ररीत असेल तर वेगळीच शक्यता उभी राहते. लहान टाइप रजिस्टरमधून देताना वरचे बिट साफ कुणी करायचे, देणाऱ्याने की घेणाऱ्याने, यावर सगळे एकमताने वागत नाहीत. ६४ बिटी एक्स८६ वर क्लँग असं धरून चालतो की देणाऱ्याने कॅर ३२ बिटांपर्यंत पसरवून दिलाय. लिखित करारात तसं स्पष्ट कलम नाही. जीसीसी पसरवून देतो म्हणून बहुतेकांचं भागतं. हाताने लिहिलेलं असेंब्ली मध्ये आलं की वरचे बिट कचऱ्याचे निघू शकतात. आमच्याकडे फंक्शन त्याच फाइलमध्ये होतं, तेव्हा हेही दार बंद.

मग असेंब्ली, म्हणजे कंपायलरने काढलेल्या यंत्राच्या सूचनांची यादी, उघडलं. हे काम बरेच जण शेवटपर्यंत टाळतात. टाळू नका, या प्रकारच्या बगमध्ये बघायचं असतं ते एकच अक्षर. एआरएमवर बाइट उचलणाऱ्या दोन सूचना आहेत. एलडीआरबी वर शून्य भरते, एलडीआरएसबी चिन्ह पसरवते. मधला तो ‘एस’. किंवा एलडीआरबी नंतर एसएक्सटीबी ही वेगळी सूचना येऊन चिन्ह पसरवते. एक्स८६ वर हीच जोडी मूव्हझेडएक्स आणि मूव्हएसएक्स. साइन्ड कॅरपासून इंटपर्यंतच्या वाटेत कुठेतरी ‘एस’ दिसलाच पाहिजे.

डीबग बिल्डमध्ये होता. एलडीआरबीने उचलला, एसटीआरबीने स्टॅकवर ठेवला, एलडीआरएसबीने परत उचलला. रिलीजमध्ये एक एलडीआरबी आणि लगेच तुलना. एसएक्सटीबी गायब.

काय झालं असावं हे त्यावरून उघड दिसतं. ऑप्टिमायझरला दिसलं की बी आठ बिटांचा, एसही आठ बिटांचा, बिट तेच. म्हणजे मधलं रूपांतर फुकटचं, काढून टाकू. इथवर बरोबर आहे. पण काढून टाकल्यावर इंट करताना त्याने एसचा टाइप बघायला हवा होता, बघितला बीचा. अनसाइन्ड, म्हणून वर शून्यं. पत्ता छापला की एसला मेमरीत खरी जागा द्यावीच लागायची, मग ही काटछाट व्हायची नाही. चोराच्या सज्जनपणाचं कारण एवढंच.

तक्रार कशी पाठवायची

जेवढं लहान तेवढं बरं. आमचं उदाहरण अकरा ओळींत बसलं, कारण मूळच तीन ओळींचं होतं. मोठ्या फाइलमध्ये अडकला असाल तर सी-रिड्यूस वापरा. बग दिसत राहील तोवर ते आपणहून ओळी कापत जातं. फक्त त्याला ‘बग दिसतोय का’ हे सांगणारी स्क्रिप्ट नीट लिहा, नाहीतर ते कापत कापत तुमचा बग टाकून दुसराच अनडिफाइन्ड प्रकार हातात ठेवतं. माझं एकदा तसं झालंय. सोबत आवृत्ती, नेमके स्विच, अपेक्षित किंमत, मिळालेली किंमत आणि असेंब्लीच्या त्या चार ओळी. ‘कधीकधी चुकतं’ असं लिहिलं तर कुणी उघडूनही बघणार नाही. ‘दुसऱ्या कंपायलरवर चालतं’ हा पुरावा नाही. चुकीचा कोडही दुसऱ्या कंपायलरवर चालतो.

आणि कंपायलरमध्ये बग असतात का? असतात. यूटा विद्यापीठातल्या मंडळींनी सीस्मिथ नावाचं साधन करून आपोआप तयार केलेले प्रोग्राम कंपायलरांना चारले, आणि २०११ च्या त्यांच्या निबंधात आधी माहीत नसलेले ३२५ हून जास्त बग मांडले. तेव्हा संशय घेणं गैर नाही, फक्त रांगेत शेवटी घ्यायचा.

दुरुस्ती येईपर्यंत काय करायचं

सहकाऱ्याने एसपुढे व्होलाटाइल (या व्हेरिएबलवर काटछाट नको असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावलं. लगेच बरं वाटलं. मी ते ठेवलं नाही. त्याने बग झाकला जातो, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी ‘हे इथे कशाला’ म्हणून काढून टाकतं.

त्याऐवजी टाइपच्या भरवशावर न राहता आकडेमोडीनेच चिन्ह पसरवा:

इंट एन = (बी ^ १२८) - १२८;

बी २५१ असेल तर १२८ शी एक्सऑर केल्यावर १२३ उरतात, त्यातून १२८ वजा, -५. बी ५ असेल तर १३३, वजा १२८, पुन्हा ५. सगळं इंटमध्येच होतं, त्यामुळे न मावणारी किंमत कुठे कोंबावी लागत नाही, कंपायलरच्या मर्जीला वाव नाही, आणि चांगला ऑप्टिमायझर याचीही एकच एसएक्सटीबी करून देतो. हे एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवलं आणि बाइटमधून ऋण आकडा वाचणाऱ्या सगळ्या जागा त्यातून वळवल्या. त्याच आठवड्यात साध्या कॅरमध्ये आकडे ठेवणाऱ्या इतर जागाही उपटल्या. अक्षरासाठी कॅर, आकड्यासाठी इंट८_टी किंवा यूइंट८_टी, आणि गेटकॅरचं उत्तर इंटमध्ये. बिल्ड सर्व्हरवर लॅपटॉपच्या चाचण्या आता दोन्ही स्विच लावून दोनदा चालतात. दुसरी फेरी फार वेळ खात नाही.

कंपायलरच्या पुरवठादाराचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. बग मान्य, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त. दुरुस्त झालाही. ते छोटं फंक्शन मात्र मी तसंच ठेवलंय, वर टीप लिहून: बग काय होता, कोणत्या आवृत्तीत, असेंब्लीत काय दिसलं. सोबत एक चाचणी आहे, ० ते २५५ सगळ्या किमती मूळच्या त्या तीन ओळींतून आणि या फंक्शनमधून जातात, दोन्ही उत्तरं ताडून पाहिली जातात, तीही रिलीजच्या स्विचनी बांधून प्रत्यक्ष बोर्डवर. कंपायलरची नवी आवृत्ती आली की सगळ्यात आधी ती चालते. गेल्या खेपेला १२८ वर येऊन अडली, आणि मी असेंब्ली उघडायच्या तयारीत असताना दिसलं की नव्या सहकाऱ्याने चाचणीतल्या लूपचा काउंटर साइन्ड कॅर ठेवला होता.